‘धजेन का मी?’ : प्रुफ्रॉकची पार्श्वभूमी

टी. एस. एलियट यांच्या ‘द लव्ह साँग ऑफ जे. आल्फ्रेड प्रुफ्रॉक’ या कवितेचं ठाण्यात मराठीतून वाचन होणार आहे. पत्रिकेच्या पहिल्या मसुद्यात कवितेच्या नावाखाली ‘न्यूनगंडाची कविता’ असं लिहिलं होतं. ते खोडून ‘आत्मसंशयाची कविता’ केलं, आणि तिसऱ्या मसुद्यात दोन्ही शब्द गेले. तलावपाळीवर सुरू झालेला हा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून थोडी मागची हकिगत.

एलियट यांच्याबद्दल बोलताना बहुतेक जण ‘द वेस्ट लँड’ या १९२२ सालच्या दीर्घकवितेपासून सुरुवात करतात. प्रुफ्रॉकसाठी मात्र त्याआधीची वर्षं पाहायला हवीत. सेंट लुईसमध्ये १८८८ साली जन्मलेल्या या तरुणाने हार्वर्डमध्ये शिकत असताना, १९१०च्या सुमारास, कवितेचे तुकडे लिहायला घेतले. पुढे वर्षभर तो पॅरिसला राहिला आणि १९११च्या उन्हाळ्यात म्युनिकमध्ये त्याने कविता पूर्ण केली. तेव्हा त्याचं वय २२. कवितेतला माणूस मात्र डोक्यावर विरळ झालेले केस लोकांना दिसतील म्हणून धास्तावलेला, हातापायांच्या काड्या झालेला. एलियट यांच्या आयुष्यात लग्न, बँकेतली नोकरी, आजारपणं यातलं काहीच अजून घडलं नव्हतं. म्हणून ‘दुःखी संसारातून जन्मलेली कविता’ हे जे विधान अजूनही व्यासपीठांवरून ऐकू येतं, ते साफ चूक आहे. विवाह झाला २६ जून १९१५ला, कविता छापून आली त्याच महिन्यात.

मधली चार वर्षं ती वहीतच होती. १९१२ साली त्याने तिला रात्रभर जागणाऱ्या प्रुफ्रॉकचा एक भाग जोडला आणि नंतर काढून टाकला. तो थेट १९९६ साली छापला गेला. १९१४च्या सप्टेंबरात लंडनमध्ये भेटलेल्या एका अमेरिकन कवीने ही कविता शिकागोच्या एका मासिकाकडे पाठवली. संपादिकेला शेवट पटेना. पाठवणाऱ्याने बदल करायला नकार दिला. अखेर ती अंकाच्या मागच्या पानांत आली. १९१७च्या मार्चमध्ये एलियट लंडनच्या बँकेत लागले आणि त्याच वर्षी पहिला संग्रह निघाला, ५०० प्रतींचा. या गोष्टी या गृहस्थांच्या मनात आल्या याला कुणाच्याही लेखी काडीचं महत्त्व नाही, अशा अर्थाचा अभिप्राय तिथल्या एका वजनदार साप्ताहिकाने दिला. १९४८ साली नोबेल मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी इकडे मर्ढेकरांचा ‘काही कविता’ आला होता आणि मराठी नवकवितेची चर्चा पेटली होती. एलियट मराठी वाचकाच्या घरात आले ते याच दाराने.

आता शब्दाकडे वळू. ‘न्यूनगंड’ हा मराठीत मानसशास्त्रातून रुळलेला शब्द. त्यात माणूस स्वतःला इतरांपेक्षा कमी लेखतो. पण प्रुफ्रॉक कमी लेखतोय असं म्हणवत नाही. त्याच्या कोटाची कॉलर ताठ आहे, टायला साजेशी पिन आहे, बायकांच्या गप्पांमधला पोकळपणा त्याला नेमका कळतो. ‘आत्मसंशय’ तुलनेने बरा, पण तोही बनवलेला शब्द आहे. नुसता ‘संशय’ म्हटलं की आपल्याला संशयी नवरा आठवतो, नाहीतर बातमीतला संशयित आरोपी. गीतेच्या चौथ्या अध्यायातला संशयात्मा नाश पावतो. तिथे प्रश्न श्रद्धेचा आहे. इथे प्रुफ्रॉकचा ‘धजेन का मी?’ हा प्रश्न जिना चढून वर जायचं की मागे फिरायचं, एवढाच आहे, आणि तरी त्याला तो अख्ख्या विश्वाएवढा वाटतो.

माझ्या मते आपल्याकडे याहून जवळचा शब्द आहे: भीड. भीड एकट्याने वाटत नाही. तिला समोर माणसं लागतात, त्यांचे डोळे लागतात. प्रुफ्रॉकला नेमके तेच डोळे छळतात. टाचणीने भिंतीवर टोचलेल्या किड्यासारखं त्याला वाटतं. आपल्याकडे ‘भीड ही भिकेची बहीण’ म्हणतात, आणि माणूस सरावला की ‘भीड चेपली’ म्हणतात. या माणसाची शेवटपर्यंत चेपत नाही. बोलायचं ते ओठांवर येतं आणि पुन्हा चहा, केक, कॉफीचे चमचे. हॉलमधल्या लग्नात कोपऱ्यातली खुर्ची धरून बसलेला, घरी परतताना लोकलच्या दारात उभा राहून न बोललेली वाक्यं मनात घोळवणारा माणूस ठाण्यात कुणाला अनोळखी आहे? ‘भीड’ला विरोध करणारे म्हणतात, हा शब्द फार सौम्य आहे, त्यात आदर मिसळलेला आहे, एलियट यांच्या कवितेतली दहशत त्यात मावत नाही. यात तथ्य आहे. आदर प्रुफ्रॉकमध्ये नाही. पण त्या दहशतीसाठी ‘न्यूनगंड’ लिहिणं म्हणजे कवितेवर रुग्णाच्या केसपेपरचा शिक्का मारणं. संध्याकाळच टेबलावर भूल दिलेल्या रोग्यासारखी पडली आहे, ही कवीची प्रतिमा; माणसाला रोगी म्हणण्याची मुभा तिने आपल्याला दिलेली नाही.

दुसरा निर्णय याहून वादाचा. वेळ वाचावा म्हणून कवितेच्या माथ्यावरच्या, इटालियन कवी दान्तेच्या सहा ओळी गाळायचं ठरत होतं. इटालियन कुणाला कळणार, हे कारण. पण सगळी गोम तिथेच आहे. दान्तेच्या काव्यातल्या नरकात ज्वाळेत लपेटलेला एक माणूस त्याला म्हणतो: इथून जगात कुणी परत जात नाही असं ऐकलंय, म्हणून बदनामीची भीती न बाळगता तुला उत्तर देतो. ऐकणारा दान्ते तर परत गेला, आणि त्याने सगळं लिहून ठेवलं. आपलं कुणी ऐकणार नाही या भरवशावरच ज्याची जीभ सुटते, त्या माणसाची ही कविता आहे, आणि आपण ती माईकवरून वाचणार आहोत. त्या सहा ओळी आता मराठीत करून आधी वाचल्या जातील. पत्रिकेवर मात्र फक्त कवितेचं नाव असेल.