ज्येष्ठांची आरोग्यविषयक पैरवी (इंदूर)

वयस्कर माणसाने आपल्या उपचारांबद्दल स्वतः विचारणे, होकार-नकार स्वतः देणे, आणि हे त्याला जमावे म्हणून इतरांनी हातभार लावणे. इंदूरच्या मराठी घरांत यातला मोठा अडथळा डॉक्टर नव्हे, माया असते. मुलगा आईच्या आधी केबिनमध्ये शिरतो, "हिला झोप लागत नाही" म्हणून सांगतो. आई नुसती मान डोलावते. कायदा मात्र आईला विचारतो. समीरा कोहली खटल्यात (२००८) रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईकडून घेतलेली संमती सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. जिवावर बेतलेला प्रसंग नसेल तर सज्ञान रुग्णाचा होकार त्याचाच लागतो.

डॉक्टरांकडे जाण्याच्या तयारीची सुरुवात औषधांपासून करावी. चालू-बंद गोळ्या, काढे, चूर्णे, शेजारणीने दिलेले मलम, सगळे एका पिशवीत भरून न्यावे. पिशवी टेबलावर रिकामी केली की गंमत कळते: टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या एकाच औषधाच्या दोन पट्ट्या, नावे निराळी, एक हृदयाच्या डॉक्टरांनी लिहिलेली, दुसरी फॅमिली डॉक्टरांनी, आणि दोन्ही रोज चालू. कात्रीने कापलेल्या पट्टीवर ना नाव, ना मुदत. गुडघ्यांसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचा तर कोणी उल्लेखच करत नाही. ते रक्तदाब वाढवते, मूत्रपिंडांनाही बाधते.

इंदूरच्या सरकारी एम. वाय. रुग्णालयाच्या ओपीडीत हिंदी चालते, ती आजी-आजोबांना उत्तम येते. कमी पडतो तो वेळ. म्हणून दोन-तीन प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून न्यावेत, सर्वांत नडणारा आधी. आणि उठण्यापूर्वी कोणती गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना आपल्या शब्दांत सांगून दाखवावे.

कागदपत्रांचेही हक्क आहेत. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितलेल्या नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्यांना, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात.

शुद्ध हरपल्यावर कृत्रिम उपायांनी जगवत ठेवावे की नाही, हे आधीच लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होते. आपल्या वतीने कोणी बोलायचे, त्याचे नावही त्यात द्यायचे असते. या कागदाने मुलाला बोलण्याचा अधिकार मिळतो तो असा: आईने निवडल्यावर, आणि तिला स्वतःला ठरवता येत नसेल तेव्हाच.