दीर्घकालीन आरोग्य अभ्यासात नाव आहे? संमती, माघार आणि अर्जाची माहिती

पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाने १९९३ मध्ये गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. तेव्हा जन्मलेली मुलं आता तिशीत आहेत. इतकी वर्षं चालणाऱ्या अभ्यासात आईने केव्हातरी केलेली सही मुलाला जन्मभर बांधत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूल १८ वर्षांचं झालं की त्याची स्वतःची संमती नव्याने घ्यावी लागते. सातव्या वर्षापासूनच मुलाला समजेल अशा भाषेत विचारायचं असतं.

वाचता येत नसेल, तर संशोधकांशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर सगळं वाचून दाखवायला हवं. माहितीपत्रक आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत तुमच्याकडे राहते. मिळाली नसेल तर आधी तीच मागा.

अभ्यासातून केव्हाही बाहेर पडता येतं, कारण सांगावं लागत नाही आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. खरी अडचण वेगळी असते. वर्षानुवर्षं घरी येणाऱ्या ताईंना तोंडावर ‘नको’ म्हणणं जिवावर येतं. म्हणून लेखी अर्ज बरा.

अर्ज मुख्य संशोधकाच्या नावे साध्या मराठीत करा आणि त्याची प्रत एथिक्स कमिटीच्या (सहभागींच्या हक्कांवर लक्ष ठेवणारी समिती) सदस्य सचिवांना द्या. दोघांचे फोन नंबर माहितीपत्रकात असतात. अभ्यासाचं नाव, तुमचा सहभाग क्रमांक आणि नेमकं काय थांबवायचं ते लिहा: घरभेटी, रक्त देणं की सगळंच. साठवलेल्या रक्ताचं काय करायचं, हे स्वतंत्र ओळीत लिहाच, कारण हा मुद्दा हमखास राहून जातो. नमुना नष्ट करा असं सांगता येतं. मात्र त्यावरची ओळख कायमची पुसली असेल, तर तुमचा नमुना कोणता हे शोधता येत नाही. सोबत संमतीपत्राची आणि ओळखपत्राची झेरॉक्स जोडा. सहभागी १८ वर्षांखालील असेल तर पालकांची सही लागते.

अभ्यासामुळे इजा झाली असेल तर माघार घेण्याआधी तेही लेखी कळवा. त्या इजेवर मोफत उपचार आणि भरपाई मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि पोहोचेचा शिक्का घ्या.