एसएसडीच्या खोक्यावर जे छापत नाहीत ते

एसएसडी म्हणजे संगणकात माहिती साठवणारी, फिरते भाग नसलेली ड्राइव्ह. तिच्या खोक्यावर सर्वांत ठळक आकडा वेगाचा असतो: सेकंदाला ७,००० एमबी वगैरे. रोजच्या वापरात तो वेग क्वचितच अनुभवाला येतो. आत कोणत्या प्रकारची मेमरी आहे, मोठी फाइल उतरवताना ड्राइव्ह कुठे अडखळते आणि किती लिखाणाची हमी आहे, हे मात्र बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच.

एसएसडीत माहिती साठते ती नॅन्ड फ्लॅश चिपमध्ये. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी ही रचना १९८७ साली मांडली आणि तिचं मूळ तत्त्व अजून तेच आहे. प्रत्येक सेलमध्ये विद्युतरोधक थरांनी वेढलेला एक कप्पा असतो. जास्त व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉन थरातून आत ढकलले की लिहून होतं, उलटं व्होल्टेज देऊन बाहेर काढले की पुसून होतं. वीज गेली तरी इलेक्ट्रॉन आतच राहतात, म्हणून माहिती टिकते. पण दर खेपेला तो थर किंचित खराब होतो, इलेक्ट्रॉन थरातच अडकायला लागतात आणि पुढे पुढे सेलमध्ये नेमका किती भार आहे हे ओळखणं कठीण होतं. वाचण्याने ही झीज जवळपास होत नाही. ड्राइव्ह झिजते ती लिहिण्या-पुसण्याने.

एका सेलमध्ये १ बिट ठेवायचा तर भाराच्या २ पातळ्या पुरतात. २ बिटना ४ लागतात, ३ बिटना ८ आणि ४ बिटना १६. व्होल्टेजचा पल्ला मात्र तेवढाच, त्यामुळे पातळ्या एकमेकींना खेटतात आणि भार जरासा सरकला तरी वाचन चुकतं. एसएलसी, एमएलसी, टीएलसी आणि क्यूएलसी ही याच चढत्या क्रमाची नावं. ढोबळमानाने एसएलसी लिहिण्या-पुसण्याच्या ५० हजार ते १ लाख फेऱ्या सोसते, एमएलसी ३ ते १० हजार, टीएलसी १ ते ३ हजार आणि क्यूएलसी काहीशे ते हजारभर. घरगुती ड्राइव्हमध्ये आता प्रामुख्याने शेवटच्या दोनच उरल्या आहेत. टीएलसी इतकी विश्वासार्ह झाली ती सेल एकावर एक रचण्याच्या तंत्रामुळे. सॅमसंगने २०१३ मध्ये २४ थरांची अशी चिप आणली. उभी जागा मिळाल्यावर सेल अतिसूक्ष्म करण्याची सक्ती राहिली नाही. एक सावधगिरी: माहितीपत्रकात ‘३-बिट एमएलसी’ दिसलं तर ती टीएलसीच समजावी.

टिकाऊपणाची हमी टीबीडब्ल्यूमध्ये देतात, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहिता येईल. १ टीबीच्या चांगल्या टीएलसी ड्राइव्हला ५ वर्षं किंवा ६०० टीबीडब्ल्यू, यातलं जे आधी संपेल ते, अशी हमी सर्रास दिसते. तेवढ्याच क्यूएलसीला अनेकदा २०० च्या आसपास. आता हिशेब करा. घरच्या वापरात रोज ३० जीबी लिहिले, जे तसे भरपूरच झाले, तर वर्षाला ११ टीबी होतात. २०० टीबीडब्ल्यू संपायला १८ वर्षं लागतील. तेव्हा ‘क्यूएलसी लगेच मरते’ ही भीती बहुतेकांच्या बाबतीत फोल आहे. चार कॅमेऱ्यांचं अखंड चित्रण साठवायचं असेल तर मात्र गणित फिरतं. प्रत्येकी सेकंदाला ४ मेगाबिट धरले तर दिवसाला साधारण १७३ जीबी, वर्षाला ६३ टीबी. तीच ड्राइव्ह तीन वर्षांत हमीबाहेर जाते.

क्यूएलसीचं खरं दुखणं वेगाचं आहे. ते झाकण्यासाठी कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्हचा कारभार पाहणारी चिप, मोकळ्या सेलमध्ये आधी १-१ बिटच भराभर लिहिते आणि सवडीने ते ४-४ बिटमध्ये दाटीने बसवते. याला एसएलसी कॅश म्हणतात. रिकाम्या १ टीबी क्यूएलसीत ही कॅश जास्तीत जास्त २५० जीबीची होऊ शकते, कारण त्या पद्धतीत सेल चौथाईच वापरला जातो. ड्राइव्ह ८० टक्के भरलेली असेल तर उरलेल्या २०० जीबीतून कॅश निघते जेमतेम ५० जीबीची. ती भरली की काही क्यूएलसी ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग सेकंदाला १०० एमबीच्या आसपास कोसळतो, म्हणजे साध्या हार्ड डिस्कपेक्षाही कमी. म्हणून परीक्षण वाचताना ‘कॅश संपल्यावरचा वेग’ शोधा आणि वापरताना निदान १५-२० टक्के जागा मोकळी ठेवा. मोकळ्या जागेने झीजही कमी होते: फ्लॅश पानापानाने लिहिता येते, पण पुसावा लागतो अनेक पानांचा अख्खा ब्लॉक, आणि जागा कमी असली की कंट्रोलरला कामाचा डेटा पुन्हा पुन्हा हलवावा लागतो.

ऑपरेटिंग सिस्टिमसाठी आमची पसंती टीएलसीलाच. गेम, चित्रपट, फोटोंचा साठा अशा एकदा लिहून अनेकदा वाचायच्या गोष्टींना क्यूएलसी चालते. डीरॅम (डेटा कुठे आहे याची नोंद ठेवणारी ड्राइव्हमधली जलद मेमरी) नसलेली एनव्हीएमई, म्हणजे वेगवान जोडणीची, ड्राइव्ह संगणकाची थोडी रॅम उसनी घेऊन बऱ्यापैकी भागवते. साटा या जुन्या, धिम्या जोडणीच्या ड्राइव्हला ती सोय नाही, तिथे डीरॅम असलेलीच घ्यावी. एम.२ हे मदरबोर्डवरच्या खाचेत बसणाऱ्या चपट्या ड्राइव्हच्या केवळ आकाराचं नाव आहे. त्या खाचेत साटा चालते की एनव्हीएमई, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहून घ्या.

सेल झिजण्याआधीच ड्राइव्ह बंद पडते तेव्हा दोष बहुधा कंट्रोलरमध्ये किंवा फर्मवेअरमध्ये, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या प्रोग्राममध्ये, असतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकर्ड एंटरप्राइझने सर्व्हरच्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला होता: फर्मवेअर बदललं नाही तर ३२,७६८ तास चालल्यावर त्या बंद पडतील आणि डेटाही हाती लागणार नाही. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात. असा मृत्यू टीबीडब्ल्यूत दिसत नाही, त्यामुळे टीएलसी असो वा क्यूएलसी, बॅकअप वेगळा हवाच. तो झिजलेल्या एसएसडीवर घेऊन कपाटात ठेवू नका. मेमरी चिपची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकाप्रमाणे, हमीचं लिखाण संपलेल्या घरगुती ड्राइव्हने विजेविना ३० अंश सेल्सिअसला १ वर्ष डेटा सांभाळायचा असतो. उष्णता वाढली की ही मुदत घटते.

ड्राइव्ह हातात आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्राममध्ये स्मार्टची माहिती, म्हणजे ड्राइव्हने स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवलेल्या नोंदी, उघडा. नव्या ड्राइव्हचे चालू तास आणि एकूण लिखाण शून्याच्या जवळ हवं. शेकडो तास दिसले तर ती आधी वापरलेली आहे. एनव्हीएमईत ‘पर्सेंटेज यूज्ड’ झीज दाखवतो आणि तो १०० च्या पुढेही जाऊ शकतो. ‘डेटा युनिट्स रिटन’मधलं एक युनिट ५,१२,००० बाइटचं असतं, म्हणजे सुमारे साडेएकोणीस लाख युनिटचा १ टीबी. ‘मीडिया एरर’, म्हणजे डेटा बिनचूक वाचता न आल्याच्या घटनांचा आकडा, शून्यावरून हलला तर पर्सेंटेज कितीही कमी असो, डेटा त्याच दिवशी दुसरीकडे उतरवा आणि ड्राइव्ह हमीत बदलून मागा.