शीरखुर्म्यात मटण नसतं हो!

आमच्या परभणीकडं अजून काही जण म्हणतात रमजान ईदच्या शीरखुर्म्यात मटण असतं, म्हणून शेजारून आलेला डबा न उघडताच ठेवून देतात, फार वाईट वाटतं बघा. अहो शीर म्हणजे दूध अन् खुर्मा म्हणजे खजूर, फारसी शब्द आहेत. तुपात परतलेल्या बारीक शेवया, आटवलेलं दूध, साखर, खारकेचे काप, चारोळी, बदाम, एवढंच. मटणाचा असतो तो कुर्मा, नावामुळं घोळ होतो. अन् ईद म्हणजे कुर्बानीचं मटण असं कुणाला वाटत असेल, तर कुर्बानी बकरी ईदला असते, ती रमजान ईदनंतर साधारण 70 दिवसांनी. रमजान ईदला 29 नाहीतर 30 रोजे संपले की नमाजच्या आधी गरिबांना फितरा म्हणजे दान, मग गळाभेट, पोरांना ईदी म्हणजे ईदची भेट. आमच्या शेजारच्या खाला (मावशी) तर आमच्यासाठी पातेलंसुद्धा वेगळं ठेवतात.