जुन्या गाडीच्या टपाला सनरूफ: हा उद्योग आला कुठून?

बंद टपाच्या जुन्या गाडीत सनरूफ बसवायचं म्हटलं की एक आक्षेप ठरलेला असतो: फॅक्टरीतून आलं नाही, म्हणजे ते जोडकाम. इतिहास पाहिला तर हा आक्षेप अर्धाच टिकतो. सनरूफच्या सुरुवातीच्या काळात गाडी एकाने बनवायची आणि तिचं उघडणारं छत दुसऱ्याने, अशीच रीत होती. काही वेळा तर गाडी पूर्ण तयार झाल्यावर तिचा टप कापला जाई, आणि त्यावर कंपनीची अधिकृत मोहोर असे.

युरोपात १९३०च्या दशकात ही छतं रुळली. इंग्लंडमध्ये 'पिचली' नावाचं सरकतं छत अनेक गाड्यांवर दिसे. जर्मनीत विल्हेल्म बायर यांनी १९०१ मध्ये सुरू केलेली वेबास्टो कंपनी कापडी, घडीच्या छतांसाठी प्रसिद्ध झाली. अमेरिकेत नॅश कंपनीने १९३७ च्या मॉडेलसोबत सनरूफ देऊ केलं. फोक्सवॅगन बीटलला १९५० पासून घडीचं कापडी छत मिळू लागलं, तेही फ्रँकफर्टच्या गोल्डे कंपनीचं. पुढे १९६४ च्या मॉडेलपासून बीटलवर कापड जाऊन पत्र्याचं, हँडल फिरवून सरकवायचं छोटं छत आलं.

हा बदल दिसतो त्याहून मोठा होता. कापड गुंडाळून मागे लोटलं की काम झालं. पत्र्याचा तुकडा मात्र आधी खाली उतरायला हवा आणि मग मागच्या टपाखाली शिरायला हवा. त्यासाठी दोन्ही बाजूंनी दोन केबल असतात. त्यांच्यावर मळसूत्रासारखे आटे असतात आणि मधोमध असलेलं एकच दातेरी चाक दोन्ही केबल एकाच वेळी ओढतं किंवा ढकलतं. एक केबल एका दात्याने जरी पुढेमागे झाली तरी छत तिरकं होऊन अडकतं. हँडलच्या जागी पुढे मोटर आली, पण मूळ रचना तीच राहिली. दुसऱ्या गाडीचं सनरूफ काढून बसवणाऱ्यांचा निम्मा वेळ आजही या दोन केबल समपातळीत आणण्यातच जातो.

अमेरिकेतली कथा मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. हाइन्झ प्रेक्टर हा जर्मन तरुण १९६३ मध्ये विद्यार्थी म्हणून कॅलिफोर्नियात आला. युरोपात सर्रास दिसणारं सनरूफ इथल्या गाड्यांना नाही हे त्याने हेरलं आणि १९६५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकन सनरूफ कंपनी काढली. भांडवल ७६४ डॉलर. सुरुवातीचं काम म्हणजे ग्राहकाची गाडी घ्यायची, टप कापायचा, चौकट बसवायची. ते काम इतकं नेटकं होतं की मोठ्या कंपन्या दाराशी आल्या. १९६८ मध्ये मर्क्युरी कूगरवर विजेवर चालणारं सनरूफ अधिकृत पर्याय म्हणून आलं आणि ते बसवण्याचं काम प्रेक्टरच्या कंपनीकडे होतं. कॅडिलॅकही १९७० मध्ये या वाटेने गेली. त्या काळात अशा गाड्यांच्या टपावर बहुधा व्हाइनिलचं, म्हणजे चामड्यासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकचं, आवरण असे. त्या आवरणाखाली वेल्डिंगचा जोड झाकला जाई. थोडक्यात, ज्याला आपण 'फॅक्टरी सनरूफ' म्हणतो त्याचा अमेरिकेतला जन्म रेट्रोफिटमधूनच, म्हणजे तयार गाडीत नंतर बसवण्याच्या कामातूनच, झाला.

मागणी वाढायला आणखी एक कारण होतं. गाडी उलटली तर काय, या प्रश्नावर अमेरिकी सरकार कडक नियम आणणार अशी हवा होती आणि पूर्ण उघड्या छताच्या गाड्या कंपन्या बंद करत चालल्या होत्या. १९७३ पासून लागू झालेल्या नियमाने टपाने गाडीच्या वजनाच्या दीडपट जोर, कमाल मर्यादा ५,००० पाउंड, सोसायला हवा असं ठरवलं. म्हणजे ऊन-वारा हवा असेल तर पक्का टप ठेवून त्यात खिडकी करणं एवढाच मधला मार्ग उरला.

आता 'फॅक्टरीसारखं' म्हणजे नेमकं काय? काचेची चमक किंवा बटणाची जागा हे त्याचं उत्तर नाही. उत्तर पाण्यात आहे. चांगलं सनरूफ पाणी पूर्ण अडवतच नाही. कडेच्या रबरातून थोडं पाणी आत येणार हे धरूनच ते बनवलेलं असतं. वाड्याच्या चौकात पन्हळीने पाणी वाहून नेतात तसं टपाच्या आत चौकटीभोवती एक पन्हळ असते. तिच्या चार कोपऱ्यांतून नळ्या निघतात. पुढच्या दोन समोरच्या काचेशेजारच्या खांबांतून खाली जातात, मागच्या दोन मागच्या खांबांतून. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पॉप-अप, म्हणजे फक्त एक कड वर उचलणाऱ्या, सनरूफमध्ये अनेकदा ही सोयच नसते, सगळा भार रबरावर. रबर कडक झालं की पाणी रूफ लायनिंगमध्ये, म्हणजे टपाच्या आतल्या अस्तरात, तिथून गालिच्याखाली, आणि मग तळाचा पत्रा गंजायला लागतो.

म्हणून जाणकार वेगळी वाट धरतात. बीएमडब्ल्यूची ई-३० मालिका घ्या. तिच्यात साधा टप आणि सनरूफ, दोन्ही प्रकार कारखान्यातून निघाले. भंगारात निघालेल्या सनरूफवाल्या गाडीचा टप घ्यायचा, टपाच्या बाहेरच्या कडेच्या पन्हळीतले स्पॉट वेल्ड, म्हणजे ठिपक्यांसारखे वेल्डिंगचे जोड, ड्रिल करून आपल्या गाडीचा अख्खा वरचा पत्रा काढायचा आणि त्या जागी दुसरा बसवायचा. सोबत लायनिंग, आडव्या पट्ट्या, मोटर, वायरिंग, चारही नळ्या आल्याच. फक्त मधे चौकोन कापण्यापेक्षा हे काम कितीतरी मोठं आहे, पण जोड मूळ जोडाच्याच जागी पडतो. चारही खांब कापून पूर्ण टप जोडणारेही आहेत; मला ते पटत नाही, कारण उलटणाऱ्या गाडीचा भार त्या खांबांवरच येतो. गंमत म्हणजे, शर्यतीची आवड असलेले लोक नेमके साध्या टपाच्या ई-३० शोधतात: वजन कमी आणि हेल्मेट घातल्यावर डोक्याला जागा.

आपल्याकडे हे वेड कारखान्यातून फार उशिरा सर्वांपर्यंत आलं. २०१९ मध्ये एमजी हेक्टरचं पॅनोरमिक सनरूफ आणि ह्युंदाई व्हेन्यूचं विजेवरचं सनरूफ आलं आणि मधल्या किमतीच्या गाड्यांत त्याची चढाओढ लागली. वेबास्टोची छतं आता पुण्याजवळही बनतात. जुन्या गाडीवाल्यांनाही साहजिकच मोह होतो. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं: उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्यामुळे डेंटरकडे जाण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडून लेखी उत्तर घ्यावं. ज्या गाडीत टपाच्या कडेने पडद्यासारख्या एअरबॅग आहेत तिथे तर हात लावूच नये. त्या एअरबॅगची जागा आणि उघडण्याची दिशा मूळ लायनिंगवर बेतलेली असते.