सगळेच बंद पडलेली जुनी गाडी आणि मीटरवरचे फसवे बारा व्होल्ट

किल्ली फिरवली तरी डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नाही. हॉर्न मुका, हेडलाइट बंद, सेल्फ मारला तर साधा 'टक' आवाजही नाही. गाडीचे सगळे वायरिंग गेले असे वाटते, पण हा बिघाड शोधायला तुलनेने सोपा असतो. एकच इंडिकेटर लागत नसेल तर बल्ब, होल्डर, फ्लॅशर, स्विच, वायर यांपैकी कशावरही संशय घेता येतो. सगळेच एका क्षणी बंद पडते तेव्हा दहा वस्तू एकत्र बिघडलेल्या नसतात, सगळ्यांच्या वाटेवरची एखादी जागा तुटलेली असते. अशा जागा मोजक्याच आहेत: बॅटरी, तिची दोन टर्मिनल, अर्थची (बॅटरीला बॉडीशी जोडणारी) जाड वायर, मुख्य फ्यूज किंवा फ्यूजिबल लिंक (जास्त करंट आला की फ्यूजसारखी वितळणारी वायर) आणि इग्निशन स्विचपर्यंतची वायर.

सुरुवात बॅटरीपासून. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. पूर्ण चार्ज झालेली आणि काही तास शांत ठेवलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरली, ११.९ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपासच अडकत असेल तर एक सेल गेला असण्याची दाट शक्यता असते. (सहा व्होल्टच्या जुन्या गाड्यांसाठी हे आकडे निम्मे धरावेत.)

पुष्कळ जण इथेच फसतात. मीटर १२.६ दाखवतो, म्हणून बॅटरी आणि टर्मिनल ठीक धरली जातात आणि मग डॅशबोर्ड उघडायला घेतला जातो. पण डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण एक कोटी ओहम असतो, त्यामुळे मोजताना तो एका अँपिअरचा जेमतेम दहा लाखावा भाग करंट घेतो. टर्मिनल आणि त्यावर आवळलेला केबलीचा क्लॅम्प यांच्यामध्ये गंजाचा थर साचून २० ओहमचा रोध तयार झाला असेल, तर एवढ्याशा करंटला त्याचा अडसर जाणवतही नाही आणि क्लॅम्पवरही पूर्ण १२.६ दिसतात. त्याच जोडातून २१ वॅटचा बल्ब पेटवायला १.७५ अँपिअर लागतात. २० ओहममधून ०.६ च्या वर जाऊच शकत नाहीत. बल्ब अंधारात राहतो. स्टार्टरला शंभर-दीडशे अँपिअर लागतात, त्याला तर ०.०५ ओहमचा रोधही अर्धे व्होल्टेज खाऊन टाकतो.

म्हणून तपासणी नेहमी लोड देऊन, म्हणजे खरोखर करंट खेचणारे काहीतरी जोडून करावी. २१ वॅटचा बल्ब आणि दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प या कामात महागड्या मीटरपेक्षा उपयोगी पडतो. आधी तो बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंटांवर, म्हणजे टर्मिनलवर, थेट लावा. लख्ख पेटला तर बॅटरीत निदान दिव्यांपुरता जीव आहे. मग टोके क्लॅम्पवर सरकवा. तिथे मंद झाला तर दोष खुंट आणि क्लॅम्प यांच्यामधल्या त्या अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत आहे.

क्लॅम्प सोडवून आत पाहा. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या क्लॅम्पच्या आतही काळपट-करडा थर सापडतो. पांढरी किंवा निळसर-हिरवी भुकटी असेल तर ती कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून धुवावी, मात्र ते पाणी सेलमध्ये जाता कामा नये. मग खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू चमकेपर्यंत पॉलिश पेपरने घासावी, घट्ट बसवावी आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. सोडवताना बॉडीला जोडलेले टोक आधी काढायचे आणि बसवताना शेवटी लावायचे. तसे केले नाही तर दुसऱ्या टोकावरचा पाना बॉडीला टेकताच बॅटरी शॉर्ट होते आणि शेकडो अँपिअर वाहतात. हे टोक बहुतेक गाड्यांत निगेटिव्ह असते, पण काही फार जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह असते. ते पाहूनच हात घालावा.

टर्मिनल स्वच्छ करूनही काही चालत नसेल तर अर्थकडे वळावे. करंटला परत बॅटरीकडे यायला बॉडी आणि इंजिन हीच वाट असते, आणि जुन्या गाडीत ही वाट रंग, गंज आणि ग्रीसखाली गुदमरते. जाड जम्पर केबलचे एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंटाला आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूला लावा, मग बॉडीच्या उघड्या धातूला. दिवे लागले की दोषी सापडला. त्या वायरीचा लग (टोकाची धातूची कडी) सोडून खालचा रंग खरवडावा आणि दातेरी वॉशर घालून नट आवळावा.

अर्थ चांगली निघाली तर उरते पॉझिटिव्ह बाजू. स्टार्टरची जाड केबल सहसा बॅटरीतून थेट जाते. म्हणून सोलेनॉइडवरच्या (स्टार्टरला करंट जोडणाऱ्या स्विचवरच्या) जाड केबलीच्या खुंटावर टेस्ट लॅम्प पेटतो, पण फ्यूजबॉक्समध्ये पेटत नाही, असे दिसले तर मधली फ्यूजिबल लिंक तपासावी. ती हलक्या हाताने ओढून पाहा: आतली तार वितळली असेल तर वरचे आवरण रबरासारखे ताणले जाते. डॅशवर अँपिअर मीटर असलेल्या जुन्या गाड्यांत स्टार्टर सोडून जवळपास सगळा करंट त्या मीटरमधून जातो. त्याच्या मागचा एक नट सैल झाला तरी गाडी अंधारात बुडते. काचेचा फ्यूज नुसता पाहून चांगला ठरवू नये, कारण टोकाच्या धातूच्या टोपीतला डाग (सोल्डरचा जोड) सुटलेला बाहेरून दिसत नाही. आणि हेडलाइट, हॉर्न चालतात पण इग्निशन मेले आहे, असे असेल तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत असतो.

मुख्य फ्यूज उडालेला सापडला तर लगेच नवा घालू नका, त्याहून जाड तर मुळीच नको. फ्यूजच्या जागी तोच २१ वॅटचा बल्ब जोडा. पुढे कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल, पण करंट १.७५ अँपिअरच्या पुढे जाणार नाही आणि वायर जळणार नाही. मग एकेक जोड सोडवत जा. ज्या जोडाला बल्ब विझेल, त्याच्या पुढच्या वायरीचे आवरण कुठे तरी पत्र्याच्या कडेला घासून गेलेले असते.