जुन्या कपड्यांतला पेहराव

एकाने वापरून सोडलेले कपडे दुसऱ्याने थोडक्या पैशांत विकत घेऊन, मापात बसवून रुबाबात वापरण्याची रीत. थोरल्याचा शर्ट धाकट्याला येतो तो प्रकार यात धरत नाहीत. तिथे निवडीला वाव नसतो. इथे ढीग आपणच उपसायचा आणि नको ते आपणच बाजूला टाकायचे.

महाराष्ट्रात ‘उतरलेले कपडे’ या शब्दांना एक कडवट चव आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांना प्रेतावरची वस्त्रे नेमून दिली आहेत. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले आणि दोनच दिवसांनी तिथेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या स्त्रियांशी पेहरावाबद्दल बोलले. स्पृश्य बायकांसारखे लुगडे नेसा, त्याला ठिगळे असली तरी चालतील पण ते स्वच्छ असू द्या, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. थोडक्या पैशांत नीटनेटके राहण्याविषयी मराठी मुलखात याहून वजनदार बोलणे क्वचितच झाले असेल. नेमून दिलेला कपडा आणि आपण ठरवून अंगावर घातलेला कपडा यांतले अंतर त्यातून लख्ख दिसते.

मध्यमवर्गीय घरांत जुन्याचा वापर होता, पण घरच्या घरात. धोतर मऊ पडले की बाळाचे दुपटे, नऊवारी विरली की गोधडी, आणि शेवटी पोतेरे. १९४३ साली सुती कापड सरकारी नियंत्रणाखाली आले तेव्हा ही काटकसर आणखी घट्ट झाली. शर्टाची कॉलर झिजली की शिंपी ती उसवून उलटी बसवून देई. झिजलेली बाजू खाली जाई आणि शर्टाचे आयुष्य वाढे.

घराबाहेरच्या व्यवहाराची सुरुवात बोहारणीपासून होते. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या या बायका बहुतेक वाघरी, म्हणजे देवीपूजक समाजाच्या, मूळच्या गुजरातेतल्या. दुपारी पुरुषमाणसे कामावर गेली की दारात ‘भांडीऽऽये’ अशी हाक येते. पातेल्यावर घासाघीस सुरू होते. घरची बाई आणखी एक साडी टाकायला तयार नसते आणि बोहारीण पातेले टोपलीत परत ठेवल्यासारखे करते. पँट आणि शर्ट धडके असतील तर ती पटकन मान्य करते, कारण ते आहेत तसे विकले जातात. विरलेल्या सुती साडीची चिंधी होऊन गॅरेजांत पुसायला जाते. खऱ्या जरीच्या साडीचा हिशेब निराळा, तिच्यातली चांदी काढता येते. कपडा उजेडाकडे धरून, गुडघ्याशी ताणून पाहण्याचा बोहारणीचा हात इतका पक्का असतो की तिने नाकारलेला माल डोळे झाकून सोडून द्यावा.

गोळा झालेले कपडे धुऊन, रफू करून, बटणे लावून, इस्त्री मारून बाजारात येतात. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. लोखंडी अवजारे, जुनी नाणी यांच्या शेजारीच जीन्स आणि जॅकेटांचे ढीग असतात. मुंबईत कामाठीपुऱ्याजवळच्या दीड गल्लीत शुक्रवारी भल्या पहाटे बाजार लागतो, तो मुख्यतः बुटांचा. उजाडल्यावर पोचणाऱ्याला उरलेसुरलेच मिळते. फॅशन स्ट्रीटचा माल मात्र यात मोडत नाही. तिथला पुष्कळ माल निर्यातीतून उरलेला किंवा बाद झालेला, म्हणजे न वापरलेला असतो.

ढिगातून कपडा उचलल्यावर आधी तो उलटा करतात. कॉलरची आतली बाजू, काख, पँटीची बैठक आणि गुडघा ही झिजेची ठिकाणे. काखेतला पिवळा डाग सहसा जात नाही, बैठकीवर आलेली चकाकीही जात नाही. उसवलेली शिवण, तुटलेले बटण, अडकलेली चेन हे दोष किरकोळ; उलट भाव पाडायला त्यांचा उपयोग होतो. लोकरी कोट उन्हासमोर धरला की कसरीने पाडलेली भोके चाळणीसारखी दिसतात.

खरा पेहराव घडतो तो शिंप्याकडे. हे काम करून घेणाऱ्यांचा एक नियम आहे: खांदा बसत असेल तरच घ्या. कंबर, लांबी, बाही हे सगळे घटवता-वाढवता येते, पण कोटाचा खांदा उसवायचा तर मजुरी कोटापेक्षा जास्त पडते. शिंप्याने शिवलेल्या जुन्या पँटीत मागच्या शिवणीला ‘माया’, म्हणजे आत दुमडलेले जादा कापड, सोडलेली असते, ती उसवून कंबर इंच-दीड इंच सैल होते. तयार कपड्यांत ही माया फारशी सापडत नाही, म्हणून तिथे एक माप मोठे घेऊन आत घेतलेले बरे. नाक्यावरच्या अल्टरवाल्याला दिलेले हे पैसे वाचवू गेले की अंगावरचा कपडा लगेच मागून आणल्यासारखा दिसू लागतो.

परदेशी जुन्या कपड्यांच्या आयातीवर भारतात निर्बंध आहेत. १९६५ साली सुरू झालेल्या कांडल्याच्या मुक्त व्यापार क्षेत्रात, म्हणजे आताच्या विशेष आर्थिक क्षेत्रात, असे गठ्ठे फोडून प्रतवारी करणारे कारखाने आहेत. पानिपतला लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढतात आणि स्वस्त ब्लँकेटे विणतात. तरीही घालण्याजोगा परदेशी माल देशातल्या बाजारांत भरपूर दिसतो.

गेल्या काही वर्षांत हाच माल धुऊन, हँगरला लावून, फोटो काढून इन्स्टाग्रामवर येऊ लागला. ईशान्येकडच्या तरुणांची त्यात मोठी आघाडी आहे. किंमत ढिगापेक्षा बरीच चढी, पण उपसण्याचे कष्ट दुसऱ्याने घेतलेले असतात. एकेक नग असल्याने ‘ड्रॉप’ पडताच, म्हणजे नवा माल टाकताच, तो पहिल्या मागणाऱ्याला जातो. लेबलावरच्या परदेशी मापावर मात्र कोणी भरवसा ठेवत नाही; फोटोत कपडा सपाट पसरून त्यावर बगलेपासून बगलेपर्यंत टेप ठेवलेली असते.